लोकप्रिय हिंदी चित्रपटांची वर्णानुक्रमे सूची कशी करावी

लोकप्रिय हिंदी चित्रपटांची अकारविल्हे सूची करणे हे वरवर पाहता सोपे काम वाटते. नावे गोळा करायची, अ पासून ह पर्यंत लावायची आणि प्रत्येकापुढे वर्ष लिहायचे, एवढाच त्याचा पसारा असावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दीड-दोनशे नावे जमली की पहिली अडचण उभी राहते, आणि ती चित्रपटांबद्दलची नसून अक्षरांबद्दलची असते. हिंदी चित्रपटाचे नाव हिंदी किंवा उर्दू उच्चाराचे, कधी इंग्रजी, कधी निव्वळ आकडा असते. ते शोधणारा वाचक मराठी असतो आणि तो ते नाव जसे कानांनी ऐकले तसे शोधतो. म्हणून सूचीचा प्रत्येक नियम ठरवताना एकच प्रश्न विचारावा: हे नाव शोधणाऱ्याचे बोट आधी कोठे जाईल? मी स्वतः अशी सूची काही वर्षे सांभाळत आलो आहे, आणि पुढे दिलेले बहुतेक नियम चुका दुरुस्त करतानाच हाती लागले आहेत.

कोणते चित्रपट घ्यावेत

नावे लिहायला घेण्यापूर्वी सूचीची हद्द कागदावर स्पष्ट लिहून ठेवावी. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला आणि हिंदी बोलपटांचा इतिहास तेथून सुरू झाला, त्यामुळे १९३१ ही स्वाभाविक सुरुवात ठरते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आदराने घ्यावासा वाटला, तरी मूकपटाला भाषेच्या हद्दीत बसवणे अवघड आहे. तो वगळावा आणि तसे प्रस्तावनेत सांगावे.

द्विभाषिक चित्रपटांबाबत मराठी माणसाने विशेष काळजी घ्यावी. प्रभातने अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढले. ‘कुंकू’ हा हिंदीत ‘दुनिया न माने’ (१९३७) झाला, ‘माणूस’ हा ‘आदमी’ (१९३९) झाला आणि ‘शेजारी’ हा ‘पडोसी’ (१९४१) झाला. आपल्याकडच्या वाचकाला मराठी नाव आधी आठवते, म्हणून क मध्ये ‘कुंकू: दुनिया न माने पाहा’ अशी एक ओळ ठेवली, तर त्याचा शोध वाया जात नाही. दक्षिणेतून हिंदीत डब होऊन आलेले चित्रपट घ्यायचे की नाहीत हेही आधीच ठरवावे. एकदा घेतले आणि पुढच्याच अक्षरात सोडले, असे होता कामा नये.

‘लोकप्रिय’ या शब्दाला मोजमाप द्यावे लागते. पूर्वी चित्रपटगृहात २५ आठवडे चालला की रौप्यमहोत्सव आणि ५० आठवडे चालला की सुवर्णमहोत्सव असे सरळ हिशेब होते. ‘किस्मत’ (१९४३) कोलकात्याच्या रॉक्सीमध्ये तीन वर्षांहून अधिक काळ चालला, ‘शोले’ (१९७५) मुंबईच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षे टिकला, आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) मराठा मंदिरात दशकानुदशके दाखवला गेला. परंतु केवळ या मापाने चालल्यास ‘कागज के फूल’ (१९५९), ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) आणि ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) यांना जागा मिळणार नाही, कारण प्रदर्शनाच्या वेळी त्यांना प्रेक्षकांनी फारसे उचलून धरले नाही आणि त्यांच्यावरचे प्रेम नंतर वाढत गेले. माझ्या मते, पुढच्या पिढीने ज्याला आपले मानले तो चित्रपटही लोकप्रियच समजावा.

नाव कसे लिहावे

नावाचे लेखन हा या कामाचा गाभा आहे, आणि येथे घाई केली की पुढची सगळी क्रमवारी चुकते. पहिला आधार चित्रपटाच्या श्रेयनामावलीचा घ्यावा. जुन्या हिंदी चित्रपटांत नाव बहुधा देवनागरी, रोमन आणि उर्दू अशा तीन लिप्यांत दाखवलेले असते. त्यातले देवनागरी नाव उतरवून घ्यावे. चित्रपट हाताशी नसेल तर त्या काळी चित्रपटगृहांत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका उपयोगी पडतात. अशा साहित्याचा मोठा साठा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे; ही संस्था १९६४ साली स्थापन झाली.

श्रेयनामावलीतले नाव मिळाले तरी ते जसेच्या तसे मराठी सूचीत बसत नाही, कारण हिंदीतील नुक्ता (अक्षराखालचे टिंब) मराठीत नाही. ‘ज़ंजीर’ हे नाव आपण ‘जंजीर’ असे लिहितो आणि त्यात काही बिघडत नाही, कारण मराठी ज ला मुळातच दोन उच्चार आहेत. ‘जग’ आणि ‘जहाज’ म्हणणारा माणूस ‘जंजीर’ योग्यच वाचतो. अडचण इकार-एकाराशी येते. ‘जिवंत’, ‘जेवण’ यांतला ज तालव्य असतो, त्यामुळे ‘ज़िंदगी’ लिहिताना अनेकांचा हात ‘झिंदगी’कडे वळतो, आणि ‘ज़ुबैदा’ (२००१) हा चित्रपट मराठी लेखनात ‘झुबेदा’ आणि ‘जुबैदा’ अशा दोन्ही रूपांत सापडतो. ज आणि झ ही वेगळी अक्षरे असल्याने एकच चित्रपट सूचीत दोन ठिकाणी जाऊन बसतो. मी ठेवलेला नियम असा आहे की मूळ नावात नुक्त्याचा ज असेल तेथे मुख्य नोंद ज मध्ये करावी आणि झ च्या जागी फक्त निर्देश द्यावा. मराठीत पूर्ण रुळलेल्या रूपांना मात्र धक्का लावू नये. ‘आझम’ हे ‘आजम’ केले तर वाचकाला ते परके वाटते. नुक्त्याचा ड तर बिनदिक्कत साधा लिहावा, जसे ‘पडोसन’, ‘अनाडी’.

चंद्रबिंदूबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण तो मोठा घोटाळा करतो. हिंदीत ‘आँखें’, ‘हँसते ज़ख्म’ यांतला चंद्रबिंदू केवळ नासिक्य उच्चार दाखवतो. मराठीत तीच खूण ‘बँड’, ‘अँथनी’ अशा शब्दांत ॲ च्या उच्चारावर दिलेला अनुस्वार म्हणून वाचली जाते. खूण एक आणि अर्थ दोन झाल्याने हिंदी नाव जसेच्या तसे उतरवले तर मराठी वाचक ‘हँसते’ हा शब्द ‘बँड’सारखा उच्चारेल आणि क्रमवारी लावणाऱ्यालाही तो ॲ च्या रांगेत टाकावासा वाटेल. म्हणून हिंदी नासिक्य चंद्रबिंदूच्या जागी साधा अनुस्वार द्यावा, म्हणजे ‘आंखें’, ‘हंसते जख्म’ असे लिहावे, आणि चंद्रबिंदू इंग्रजी शब्दांसाठी राखून ठेवावा.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे. शब्दाच्या शेवटची ‘ति’ मराठी नियमाने ‘ती’ होते, त्यामुळे ‘क्रांति’ (१९८१) लिहावे की ‘क्रांती’ असा वाद होऊ शकतो; विशेषनाम म्हणून मी मूळ रूप ठेवतो. क्रमावर त्याचा परिणाम क्वचितच होतो.

क्रम कसा लावावा

महाराष्ट्र शासनाने २००९ साली मान्य केलेल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ हे स्वर आहेत. ॲ हा ए नंतर आणि ऑ हा ओ नंतर येतो. व्यंजनांवरच्या खुणांनाही हाच क्रम लावावा. ब ची रांग पाहिली की हे लगेच ध्यानात येते: ‘बेताब’ (१९८३), ‘बँड बाजा बारात’ (२०१०), ‘बैजू बावरा’ (१९५२), ‘बोल राधा बोल’ (१९९२), ‘बॉबी’ (१९७३), ‘बॉर्डर’ (१९९७). याच हिशेबाने ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’ (१९६७) हा अ मध्ये न जाता ए च्या चित्रपटांनंतर आणि ‘ऐतबार’च्या आधी येतो. पुष्कळ वाचक तो अ मध्येच शोधतील, म्हणून तेथे निर्देश ठेवावा.

अनुस्वाराचे स्थान सूचीकाराने निवडायचे असते. बाराखडीत ‘कं’ हे ‘कौ’ नंतर म्हटले जाते, तर हिंदी शब्दकोशांत अनुस्वारयुक्त शब्द त्या त्या अक्षरात आधी येतात. मी हिंदी कोशांची रीत स्वीकारली, कारण नावे हिंदी आहेत आणि त्या सवयीच्या वाचकालाही सूची वापरता यावी. त्यामुळे अ ची सुरुवात ‘अंकुर’ (१९७४), ‘अंगूर’ (१९८२), ‘अंदाज’ अशी होते आणि मग ‘अग्निपथ’, ‘अछूत कन्या’ (१९३६), ‘अनाडी’ (१९५९), ‘अनारकली’ (१९५३), ‘अनुपमा’ (१९६६), ‘अभिमान’ (१९७३) अशी रांग लागते. दुसरी रीतही चुकीची नाही. दोन्ही मिसळणे मात्र चुकीचे आहे.

जोडाक्षरे सगळ्या स्वरखुणांनंतर येतात, म्हणून ‘प्यासा’ (१९५७) हा प च्या शेवटाकडे, ‘त्रिशूल’ (१९७८) हा त च्या शेवटी आणि ‘श्री ४२०’ (१९५५) हा श च्या शेवटी बसतो. रफार डोळ्यांना फसवतो. ‘कर्ज’ (१९८०) या नावात रफार ज च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारात र् आधी येतो आणि क्रमही त्यानेच ठरतो. ‘करण अर्जुन’ (१९९५) आधी आणि ‘कर्ज’ नंतर. क्ष आणि ज्ञ यांना मराठी वर्णमालेत शेवटची जागा आहे, आणि तीच ठेवावी. ण, ळ, ङ, ञ या अक्षरांनी नाव सुरू होत नाही, त्यांची रिकामी शीर्षके छापू नयेत. ठ आणि ढ मध्ये ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ (२०१८), ‘ढोल’ (२००७) अशी मोजकीच नावे मिळतात. रांग लांब दिसावी म्हणून तेथे कोणी ओळखत नसलेले चित्रपट भरू नयेत.

सर्वांत जास्त गोंधळ ‘दिल’ने सुरू होणाऱ्या नावांत होतो, आणि ही रांग नीट लागली की बाकीची सूची आपोआप जमते. शब्दामागून शब्द अशी रीत घेतली तर क्रम असा येतो: ‘दिल’ (१९९०), ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०), ‘दिल एक मंदिर’ (१९६३), ‘दिल चाहता है’ (२००१), ‘दिल तो पागल है’ (१९९७), ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६), ‘दिल से’ (१९९८), ‘दिल है कि मानता नहीं’ (१९९१), आणि त्यानंतर ‘दिलवाले’, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’. मोकळी जागा न मोजता अक्षरामागून अक्षर अशी रीत घेतली तर ‘दिलवाले’ मध्येच घुसतो आणि ‘दिल से’ व ‘दिल है कि मानता नहीं’ त्याच्या मागे ढकलले जातात. पहिली रीत घ्यावी. ‘दिल’ हा शब्द संपला, आता ‘दिलवाले’ सुरू झाला, असे वाचकाच्या मनात स्पष्ट असते, आणि सूची त्या मनाप्रमाणे चालावी.

संगणकावर क्रम लावणार असाल तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही प्रणाली अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकानुसार क्रम लावतात; त्या क्रमांकांत ळ हा ल च्या लगेच नंतर आहे आणि ॲ हे अक्षर ह च्याही पुढे आहे. शिवाय ॲ हे एकाच कळीने उमटलेले अक्षर असू शकते किंवा अ वर चंद्र देऊन केलेले. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण संगणक त्यांना दोन वेगळी अक्षरे समजतो आणि वेगळ्या ठिकाणी ठेवतो. नुक्त्याच्या ज़ चेही तसेच आहे. वर दिलेल्या ब आणि ‘दिल’च्या रांगा आधी संगणकाला लावायला द्याव्यात, त्या बरोबर आल्या तरच पूर्ण सूची त्याच्या हाती सोपवावी.

आकडे, इंग्रजी नावे आणि संक्षेप

आकड्याने सुरू होणारे नाव उच्चाराप्रमाणे लावावे. ‘३ इडियट्स’ (२००९) याला कोणीही ‘तीन इडियट्स’ म्हणत नाही, म्हणून तो थ मध्ये ‘थ्री’च्या जागी जातो; ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ (१९९४) हा ‘नाइनटीन’ म्हणून न मध्ये. सूचीच्या अगदी आरंभी आकड्यांच्या नावांची एक छोटी चौकट करून तेथून निर्देश द्यावेत. ‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०), ‘द लंचबॉक्स’ (२०१३) यांतला इंग्रजी ‘द’ क्रमासाठी सोडून द्यावा, कारण बोलताना आपणही तो सोडतो. ‘ऐ दिल है मुश्किल’ (२०१६) मधला ‘ऐ’ मात्र हिंदी संबोधन आहे. त्याला इंग्रजी उपपद समजून काढून टाकू नये.

‘मि. इंडिया’ (१९८७) मधला ‘मि.’ हा ‘मिस्टर’ असा पूर्ण धरून लावावा, म्हणजे ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५) त्याच्या शेजारी येतो. ‘डीडीएलजे’ (दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे), ‘क्यूएसक्यूटी’ (कयामत से कयामत तक) अशी तोंडी रुळलेली लघुरूपे केवळ निर्देश म्हणून घ्यावीत.

एकाच नावाचे अनेक

समान नावाच्या चित्रपटांना वर्ष हीच खरी ओळख, आणि त्यांचा आपापसांतला क्रम वर्षाप्रमाणे असावा. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘देवदास’ची एकच नोंद होती आणि तिच्यात दोन चित्रपटांचे कलाकार एकत्र मिसळले होते, त्या दिवसापासून मी वर्ष लिहिल्याशिवाय नाव लिहीत नाही. हिंदीत १९३५ चा ‘देवदास’ प्रमथेश बरुआ यांचा, त्यात सैगल. १९५५ चा बिमल रॉय यांचा, त्यात दिलीपकुमार. २००२ चा संजय लीला भन्साळी यांचा, त्यात शाहरुख खान. तिन्हींचे कथानक एक आहे. ‘अंदाज’ नावाच्या पुढील तीन चित्रपटांचे तसे नाही, त्यांच्या कथा वेगवेगळ्या आहेत. नोंदी अशा कराव्यात:

अंदाज (१९४९). दिग्दर्शक मेहबूब खान. नर्गिस, दिलीपकुमार, राज कपूर. संगीत नौशाद.
अंदाज (१९७१). दिग्दर्शक रमेश सिप्पी. शम्मी कपूर, हेमा मालिनी, राजेश खन्ना. संगीत शंकर-जयकिशन.
अंदाज (२००३). दिग्दर्शक राज कंवर. अक्षयकुमार, लारा दत्ता, प्रियांका चोप्रा. संगीत नदीम-श्रवण.

एवढा मजकूर पुरेसा आहे. कथासार लिहायचा मोह टाळावा, कारण सूची फुगली की शोधणे मंदावते. जुन्या चित्रपटाचा पुन्हा काढलेला अवतार असेल तर दोन्ही नोंदींत एकमेकांचा निर्देश द्यावा, जसे ‘अग्निपथ’ १९९० आणि २०१२, ‘उमराव जान’ १९८१ आणि २००६. ‘गोलमाल’ १९७९ आणि २००६ यांचा मात्र नावापलीकडे संबंध नाही, आणि १९७६ व २००० या वर्षांच्या ‘हेरा फेरी’चेही तेच, तेथे असा निर्देश देणे म्हणजे वाचकाला चुकीचे सांगणे होय.

वर्ष नेहमी प्रदर्शनाचे घ्यावे. ‘पाकीजा’च्या निर्मितीला पन्नासच्या दशकात सुरुवात झाली, पण तो लोकांसमोर आला १९७२ साली, आणि सूचीत तेच वर्ष हवे. ‘मुघल-ए-आझम’ १९६० चा. २००४ साली तो रंगीत होऊन पुन्हा आला म्हणून दुसरी नोंद करू नये, त्याच नोंदीत तसा उल्लेख करावा.

मालिकांतील चित्रपट वर्णानुक्रमाने विखुरतात. ‘हेरा फेरी’ ह मध्ये आणि ‘फिर हेरा फेरी’ (२००६) फ मध्ये. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) म मध्ये आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) ल मध्ये. ‘एक था टायगर’ (२०१२) ए मध्ये, तर ‘टायगर जिंदा है’ (२०१७) ट मध्ये. त्यांना ओढून एकत्र आणू नये, पहिल्या चित्रपटाच्या नोंदीखाली पुढच्यांची नावे द्यावीत. नावापुढे केवळ आकडा असेल, जसे ‘धूम’, ‘धूम २’, ‘धूम ३’, तर आकड्यांच्या क्रमाने लावणेच सोयीचे.

शेवटची पारख

सूची पूर्ण झाली की ती स्वतः तपासत बसू नये, कारण आपल्याला सगळ्या जागा पाठ झालेल्या असतात. चित्रपटांची आवड असलेल्या, पण सूची न पाहिलेल्या दोन-तीन माणसांना दहा-दहा नावे तोंडी सांगावीत आणि ती शोधायला द्यावीत. नाव लिहून देऊ नये. लिहून दिले की आपले लेखन त्यांच्या हाती पडते आणि परीक्षा फुकट जाते. त्यांचे बोट आधी कोणत्या अक्षरावर गेले तेवढे टिपून ठेवावे. माझ्या मावशीला मी के. आसिफ यांचा अनारकली-सलीमचा चित्रपट शोधायला सांगितला, तेव्हा तिने विचारही न करता ‘मो’ काढले, कारण तिच्या माहेरी सगळे त्याला ‘मोगले आझम’च म्हणत. मु मधली मुख्य नोंद मी हलवली नाही. ‘मो’च्या रांगेत मात्र आता एक ओळ वाढली आहे: ‘मोगले आझम: मुघल-ए-आझम पाहा.’